शंका-समाधान : आंब्याच्या क्रेटवरील टॅग एकदम वाचताना

प्रश्न : देवगड तालुक्यातील आम्ही काही बागायतदार मिळून हापूसचे पॅकहाऊस चालवतो. कोणता माल कोणत्या बागेतला आणि कधी उतरवलेला, याची नोंद राहावी म्हणून यंदा प्लास्टिकच्या प्रत्येक क्रेटला आरएफआयडी टॅग, म्हणजे दाराशी बसवलेल्या रीडरने रेडिओ लहरींवरून वाचायची क्रमांकाची चिठ्ठी, लावला आहे. एकेक क्रेट दाराशी नेला तर टॅग हमखास वाचला जातो; परंतु साठ क्रेटांची ट्रॉली दारातून नेली की पस्तीस-चाळीस क्रेटांचीच नोंद होते, आणि हा आकडाही दर वेळी वेगळा येतो. विक्रेता रीडरची शक्ती वाढवायला सांगतो. तसे करावे का?

उत्तर : सुरुवात तेथून करू नये. शक्ती वाढवल्यावर ट्रॉलीपलीकडे भिंतीशी रचून ठेवलेल्या क्रेटांचे टॅगही जागे होऊन उत्तर देऊ लागतात, आणि आपल्या पॅकहाऊसवर पत्र्याचे छप्पर असेल तर त्यावरून परावर्तित झालेल्या लहरी आणखी लांबचे टॅग उठवतात. म्हणजे ज्या गर्दीमुळे अडचण झाली, तीच गर्दी वाढते.

आपल्या टॅगमध्ये बॅटरी नाही. रीडरच्या लहरींतूनच त्याला वीज मिळते आणि त्याच लहरी कमी-अधिक परावर्तित करून तो उत्तर देतो. त्याला रीडरचे ऐकू येते, पण शेजारच्या टॅगचे मुळीच ऐकू येत नाही; त्यामुळे दुसरा बोलत असताना आपण थांबावे, हे त्याला स्वतःहून कळण्याचा मार्गच नाही. दोन टॅग एकाच क्षणी बोलले की रीडरला बहुधा दोघांचेही उत्तर लागत नाही. यालाच टक्कर म्हणतात, आणि ती टाळण्याची व्यवस्था रीडरनेच करावी लागते.

ती व्यवस्था ज्या विचारावर उभी आहे तो हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन यांनी बेटाबेटांवरील संगणक एकाच रेडिओ वाहिनीने जोडताना मांडला; ‘अलोहा’ नावाचे ते जाळे १९७१ मध्ये सुरू झाले. आपल्या टॅगांच्या ‘जेन-२’ मानकात त्याचे सुधारलेले रूप आहे. रीडर ‘क्यू’ नावाची ० ते १५ यांपैकी एक संख्या जाहीर करतो आणि दोनाचा तितकावा घात जितका, तितके स्लॉट, म्हणजे बोलण्याच्या पाळ्या, एका फेरीत ठेवतो. प्रत्येक टॅग त्यांतला एक स्लॉट यदृच्छेने निवडतो आणि पाळी आली की बोलतो. तेव्हाही तो आपला पूर्ण क्रमांक सांगत नाही, फक्त १६ बिटांची एक यादृच्छिक संख्या पाठवतो. रीडरने ती जशीच्या तशी परत म्हटली तरच पुढे खरा क्रमांक येतो. टक्कर झालीच तर वाया जाणारा वेळ अगदी थोडा असावा, यासाठी केलेली ही योजना मला फार सुंदर वाटते.

आता क्यूचे महत्त्व हिशेबाने पाहा. क्यू ६ असेल तर ६४ स्लॉट होतात. साठ टॅगांत सरासरी २४ टॅगांना स्वतंत्र स्लॉट मिळतो, सुमारे २५ स्लॉट रिकामे जातात आणि उरलेल्या पंधराएक स्लॉटांत टक्कर होते. हे फुकट गेल्यासारखे दिसले तरी उत्तम स्थिती हीच आहे, कारण या पद्धतीत स्लॉटांचा उपयोग सरासरी ३७ टक्क्यांच्या फारसा वर जात नाही. तेच क्यू ४ वर अडकले असेल तर साठ टॅगांना सोळाच स्लॉट मिळतात आणि एका फेरीत सरासरी एखादाच टॅग वाचला जातो. म्हणून क्यूचा आरंभ ६ पासून ठेवावा आणि टकरी पाहून तो आपोआप कमी-जास्त करण्याची सोय रीडरमध्ये चालू आहे ना, हे तपासावे.

दुसरी तपासणी ‘सेशन’ या निवडीची. वाचून झालेल्या टॅगने पुढच्या फेऱ्यांत गप्प राहावे, तरच उरलेल्यांना जागा मिळते. ‘एस-०’ मध्ये टॅगची वीज क्षणभर तुटली तरी आपण वाचले गेलो आहोत याची त्याला आठवण राहत नाही, आणि हलत्या ट्रॉलीवर वीज वारंवार तुटते. ‘एस-२’ मध्ये ही आठवण वीज गेल्यानंतरही किमान दोन सेकंद टिकते. आपल्या कामाला एस-२ योग्य आहे.

मात्र न वाचलेला प्रत्येक टॅग टकरीत सापडलेलाच असतो, असे मुळीच नाही. जेन-२ रीडर चांगल्या परिस्थितीत सेकंदाला काहीशे टॅग वाचतो. तेव्हा साठ क्रेट ही त्याच्या दृष्टीने मोठी संख्या नाही. आंब्याच्या गरात बहुतांश पाणी असते आणि पाणी या लहरी शोषून घेते, त्यामुळे रचाच्या मधल्या क्रेटचा टॅग कदाचित जागाच होत नसेल. हे ओळखण्यासाठी भरलेली ट्रॉली दारात दहा-पंधरा सेकंद स्थिर उभी करावी. हळूहळू साठही टॅग वाचले गेले, तर अडचण टकरीची किंवा अपुऱ्या वेळेची आहे. सेटिंग सुधारावी आणि ट्रॉली सावकाश न्यावी. तेच ठरावीक क्रेट पुन्हा पुन्हा राहत असतील, तर क्यू कितीही बदलून उपयोग नाही. टॅग क्रेटच्या बाहेरच्या बाजूला, फळांपासून थोड्या अंतरावर लावावा, तो रचाच्या बाहेरच्या अंगाला येईल असे क्रेट रचावेत आणि दाराच्या दोन्ही बाजूंना अँटेना ठेवाव्यात. एवढे करूनही टॅग जागे होत नसतील, तर मग शक्तीचा विचार करण्यात अर्थ आहे.

प्रश्न : रत्नागिरीतील आमच्या ग्रंथालयात टॅग लावलेली पाच-सहा पुस्तके रीडरवर एकदम ठेवली तरी सर्वांची नोंद होते, फक्त पातळ पुस्तिकांचा गठ्ठा अडतो. असे का?

उत्तर : ग्रंथालयातील टॅग बहुधा १३.५६ मेगाहर्ट्झवर चालतात आणि त्यांची पद्धत वेगळी आहे. येथे टॅग यदृच्छेने स्लॉट निवडत नाही. त्याच्या ६४ बिटांच्या क्रमांकातील चार बिटांवरून सोळांपैकी एक स्लॉट ठरतो. एखाद्या स्लॉटात टक्कर झाली, तर रीडर तेवढ्याच टॅगांना पुढच्या चार बिटांवरून पुन्हा विचारतो. प्रत्येकाचा क्रमांक वेगळा असल्यामुळे ते कधी ना कधी वेगळे होतातच. पुस्तिका अडतात त्या टकरीमुळे नव्हे, तर टॅगमधील तारेची वेटोळी एकमेकांना चिकटून आल्याने त्यांची वारंवारता रीडरच्या वारंवारतेपासून सरकते म्हणून. वेटोळी एकमेकांवर येऊ नयेत म्हणून नव्या पुस्तिकांना टॅग लावताना कधी वर, कधी मध्ये, कधी खाली असे लावावेत.