पिवळा बावटा म्हणजे बोटीवर साथ?

प्रश्न : मागे घारापुरीला लाँचने जाताना लांब नांगरलेल्या एका मोठ्या बोटीवर पिवळं निशाण दिसलं. आमचे आजोबा गोदीत कामाला होते, ते म्हणायचे पिवळा बावटा म्हणजे बोटीवर साथ आहे, जवळ फिरकायचं नाही. खरंय का? आणि आता वायरलेस, सॅटेलाइट असताना बावटे कशाला?
– एक वाचक, उरण

उत्तर : आजोबा त्यांच्या जागी बरोबरच, कारण पूर्वी पिवळा म्हणजे क्वारंटाइनच असायचं, पण आता अर्थ अगदी उलटा झालाय. बोटींनी निशाणांनी बोलायच्या आताच्या आंतरराष्ट्रीय कोडात अख्खं पिवळं निशाण म्हणजे इंग्रजी क्यू हे अक्षर, आणि ते एकटं चढवलं की 'आमच्या बोटीवर सगळे ठणठणीत आहेत, बंदरात मोकळीक द्या' असं पूर्ण वाक्य होतं. आरोग्य तपासणी करून हवी असेल तर दोन क्यू लावायचे. आता गंमत अशी की निशाणांच्या संचात क्यू एकच, मग दुसरा आणायचा कुठून, तर त्यासाठी तीन बदली निशाणं असतात, पहिलं बदली खाली लावलं की वरच्याचीच नक्कल समजायची. २६ अक्षरं, १० आकडे, ३ बदली, १ उत्तराचं, झाला ४० चा संच.

अख्खं वाक्य एका निशाणात बसवायची ही धडपड जुनी आहे. १८०५ साली ट्रफाल्गरच्या समुद्री लढाईत ब्रिटिश आरमाराचा प्रमुख नेल्सन याला आपल्या बोटींना सांगायचं होतं, इंग्लंडला 'खात्री आहे' की प्रत्येक जण कर्तव्य करेल. सिग्नलवाला पास्को म्हणाला, साहेब तो शब्द कोडात नाही, अक्षर अक्षर लावत बसावं लागेल, 'अपेक्षा आहे' चालेल का, ते कोडात आहे. नेल्सन लगेच हो म्हणाला! ते गाजलेलं वाक्य असं वेळ वाचवायला बदललेलं आहे. तरी 'ड्यूटी' कोडात नव्हताच, तो शेवटी अक्षरांनीच लावला.

राहिला वायरलेसचा प्रश्न. वायरलेसवर ज्याने कान लावलाय त्यालाच कळतं, बावटा मात्र तुमच्या लाँचवाल्यालाही दिसतो आणि भाषेची अडचण नाही, १९६५ चा कोड तर नऊ भाषांत काढला होता. घारापुरीच्या वाटेवर बुचर बेट लागतं ना, तिथे तेलाचे टँकर लागतात. त्यांच्यावर लाल, शेपटीत खाच असलेला बावटा दिसला तर तो बी, म्हणजे धोकादायक माल. अर्धा पांढरा अर्धा लाल असेल तर पायलट, म्हणजे बंदराची वाट दाखवणारा माणूस, बोटीवर आलाय.