पाकीट पुरवायचं नसतं

ताई,

तुमचं चार पानी पत्र दोनदा वाचलं. यजमानांची शुगर अडीचशेच्या खाली येत नाही, खर्रा सुटत नाही, सकाळी फिरायला जा म्हटलं की "वावरात काय कमी फिरतो?" म्हणून अंगावर येतात. "यायले कसं समजावू, तुमीच सांगा," असं तुम्ही विचारलंय.

त्यावर आज मी एक अक्षर लिहिणार नाही. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला आपलं बरंवाईट कळतं.

तिसऱ्या पानाच्या तळाशी, जागा उरली म्हणून लिहावी तशी, एक ओळ आहे : "बीपीची गोळी मी एक दिवस आड घेतो, म्हंजे पाकीट पुरते. तसं डोकं दुखत नाही."

ही ओळ वाचून मला राग आला ताई, आणि तो तुमच्यावरच आला. यजमानांची गोळी तुम्ही रोज ताटाशेजारी काढून ठेवता, पाण्याचा गडू भरून देता. त्यांचा एक दिवस चुकत नाही, आणि तुमचं दहा गोळ्यांचं पाकीट वीस दिवस चालतं! तेल पुरवा, चहापत्ती पुरवा. रोजची लिहिलेली गोळी पुरवायची नसते.

डोकं दुखत नाही म्हणता. बीपी बहुतेकांना दुखतच नाही. १४०/९० च्या वर राहिलेलं बीपी वर्षानुवर्षं गुपचूप मेंदूच्या, किडनीच्या, डोळ्यांच्या नसा खराब करत राहतं. माझी मावशी अशीच गोळ्या वाचवायची. कापूस वेचायला निघाली, कमरेला ओटी बांधत होती आणि गाठच बसेना. उजवा हात ऐकेना. लकवा होता. नंतर सहा वर्षं तिला सुनेनं भरवलं. चांगली सून होती, पण मावशी प्रत्येक घासाला मान खाली घालायची. ते मी पाहिलंय, म्हणून इतकं तोडून लिहिते आहे.

आणखी एक. डॉक्टरांना हे सांगितलंय का? नसेल सांगितलं, तर बीपी वाढलेलं बघून ते समजतील की गोळी लागू पडत नाही, आणि डोस वाढवतील.

तेव्हा उद्याची वेचणी सोडा. किलोवर मजुरी आहे, एक दिवस बुडेल, हे मला ठाऊक आहे. बुडू द्या. सकाळीच प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. तिथे बीपी मोजणं फुकट, गोळ्या फुकट, आणि १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरचेही पैसे नाहीत. तुम्ही मात्र मेडिकलमधून विकत आणून त्या अर्ध्यावर भागवताय! एखाद्या दिवशी साठा नसला तर पुन्हा कधी येऊ ते विचारून या, तोवरचं पाकीट विकत घ्या आणि रोज घ्या. राहिलेल्या दिवसांची भरपाई म्हणून दोन-दोन गोळ्या मात्र घेऊ नका.

यजमान विचारतील, कुठं चालली? सांगा, माझ्या गोळ्या आणायला. चहा त्यांना करून घेऊ द्या.

आणि ते अर्धं पाकीट पदरात बांधून न्या. त्यावर गोळीचं नाव असतं. डॉक्टरांसमोर ठेवा आणि म्हणा, "हे मी एक दिवस आड घेत होतो."