डिफचा ड्रेन प्लग हलेना! वाचकांचे प्रश्न

प्रश्न: जुनी बोलेरो फोर बाय फोर आहे, राहतो मालवणला. मागच्या डिफरन्शियलचा (डिफ, म्हणजे चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा डबा) ड्रेन प्लग, म्हणजे ऑईल सोडायचं खालचं बूच, पाईप लावून ओढला तरी हलत नाही.

आधी सांगा, वरचा फिलर प्लग (ऑईल भरायचं बूच) उघडलात का? नसेल तर खालच्याला हातच लावू नका. मी एकदा घाईत खालून ऑईल सोडून दिलं आणि मग वरचा काही निघेना, गाडी कोरड्या डिफवर उभी, गिऱ्हाईक तीन चहा पिऊन माझ्याकडे बघतंय. तेव्हापासून आधी वरचा, मगच खालचा.

समुद्राजवळ गंज येणारच. वायर ब्रशने माती खरवडा, पेनिट्रेटिंग ऑईल (गंजात मुरणारं) मारून रात्रभर ठेवा, सकाळी परत मारा. मग प्लगच्या डोक्यावर मधोमध हातोडीचे आठ-दहा खणखणीत ठोके द्या (हौजिंगवर, म्हणजे डिफच्या बाहेरच्या कवचावर नाही हं, बिडाचं असेल तर तडकेल). आट्यांतला गंज या हादऱ्याने फुटतो, नुसतं ओढत बसलं की प्लगचे कोपरे गोल होतात. पाना लावल्यावर आधी किंचित घट्ट करायच्या बाजूला हलवा, मग उलटा. आणि दोन फुटी पाईपाच्या टोकाला ४० किलो जोर म्हणजे प्लगवर साधारण २३५ न्यूटन मीटर पडतात, तेवढ्यात नाही निघाला तर थांबा, परत ऑईल मारा. गाडीखाली झोपल्यावर डावं-उजवं उलटं वाटतं, त्यामुळे प्लगच्या डोक्याकडे समोरून बघून घड्याळाच्या उलट फिरवा. हसू नका, भलेभले इथेच चुकतात.

प्रश्न: फॉर्च्युनरच्या पुढच्या डिफच्या प्लगमध्ये १० एमएमची एलन की (षटकोनी दांडीचा पाना) गोल फिरतेय.

प्लगच्या भोकात चिखल ठासून बसलेला असतो, एलन की अर्धीच आत जाते आणि मग कडा खातात. त्यामुळे टोचणीने भोक साफ करायचं नि मगच की लावायची, पण आता ते झालंय. टी ५५ चा टॉर्क्स (ताऱ्याच्या आकाराचा) बिट हातोडीने आत ठोकून बघा, घट्ट बसला तर बहुतेक वेळा काम होतं, शिवाय ठोकण्याचा हादरा फुकटात मिळतो. नाहीच झालं तर प्लगवर नट वेल्ड करून घ्या, पण बॅटरी सुटी करून, अर्थिंग हौजिंगलाच लावून, आणि त्याआधी आतलं ऑईल फिलरमधून पंपाने खेचून काढून.

प्रश्न: गॅसने तापवू का?

नको. शेजारी ब्रेकचा पाईप, आत ऑईल, सील जळतील ते वेगळंच. पंधरा-वीस किलोमीटर गाडी फिरवून आणा, ऑईल गरम होतं, पातळ होऊन नीट उतरतंही. त्याउपर लागलंच तर हीट गन, हौजिंगच्या बाजूने.

प्रश्न: प्लग निघाला! त्याच्या चुंबकाला काळं काहीतरी चिकटलंय.

बोटांत चोळून बघा. पिठासारखं गुळगुळीत असेल तर ती नेहमीची झीज, पुसून टाका. टोचणारे तुकडे असतील तर गिअरचे दात बघायला लागतील. ऑईल ताकासारखं पांढरट असेल तर पाणी शिरलंय, म्हणजे ओढ्यात घातली होतीत ना? मग ब्रीदरची (डिफमधली हवा आत-बाहेर सोडणारी) नळी तपासा. वॉशर नवीन टाका, आटे पुसा, प्लग हाताने बसवून मग मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कला (पिळण्याच्या जोराला) आवळा. एअर गन (हवेवर चालणारा पाना) लावू नका, पुढच्या वेळी तुम्हालाच उघडायचाय.