धावपट्टी लांब, हवा पातळ

एवढी लांबलचक धावपट्टी असूनही डोंगरातल्या विमानतळांवर छोटी विमानं उडताना का पडतात, पायलट झोपलेले असतात का, असं विचारलंय. झोपलेले नसतात हो. चांगले डोळे उघडे असतात, आणि ते डोळेच घात करतात.

मी शिकलो बारामतीला, आता बरीच वर्षं कोलोरॅडोत उडवतोय. इथलं लेडव्हिल घ्या: उंची ९,९३४ फूट, धावपट्टी ६,४०० फूट. तिथे उतरलात की कौतुकाने प्रमाणपत्र देतात. घाम फुटतो तो निघताना. दुपारी २५ अंश असले की हवा आणखी विरळ होते आणि विमानाच्या लेखी तुम्ही साडेतेरा हजार फुटांवर उभे असता. हीच डेन्सिटी अल्टिट्यूड. सेस्ना १७२ या चार आसनी छोट्या विमानाची वर चढायची मजलच मुळात तेरा-चौदा हजार फुटांची! इंजिनाची तिसऱ्या हिश्श्याहून जास्त ताकद गेलेली. त्यात समुद्रकाठचा पायलट सवयीने मिक्श्चरची, म्हणजे हवेत पेट्रोल किती मिसळायचं ते ठरवणारी, लाल मूठ पूर्ण आत ठेवतो, मग हवा कमी आणि पेट्रोल तेवढंच. इंजिन गुदमरतं.

पण खरी गोम वेगात आहे. उचलायला वेगाच्या काट्यावर ५५ नॉट हवेत, आणि पातळ हवेत काटा खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवतो. वारा नसताना काटा ५५ नॉट दाखवतो तेव्हा जमिनीवरून तुम्ही ६७ने पळत असता. त्यामुळे काटा ४५वर असतानाच डोळे म्हणतात, झाला वेग, उचल. पट्टीचं टोक अंगावर येतंय, हात आपसूक मागे जातो आणि विमान खरंच उचलतं. जमिनीलगत हवेचा अडथळा कमी असतो, त्या उधारीवर ते तरंगतं. पंखांच्या विस्ताराएवढ्या उंचीवर, १७२ला ३६ फुटांवर, उधारी संपते. पुढे झाडं दिसली की माणूस नाक आणखी उचलतो. मग स्टॉल: पंखांची उचल संपते, विमान कोसळतं.

११ एप्रिल १९९६, शायेन, वायोमिंग. सात वर्षांची मुलगी, तिचे वडील आणि प्रशिक्षक विक्रमासाठी अमेरिका ओलांडायला निघालेले. उकाडा नव्हता, पाऊस होता. डेन्सिटी अल्टिट्यूड ६,६७० फूटच. पण सेस्ना १७७बीमध्ये ९६ पौंड जास्तीचं वजन, वादळ दाराशी, आणि प्रशिक्षकाचं रोजचं उडणं समुद्रकाठच्या हाफ मून बेचं. तिघेही गेले. प्रशिक्षकाच्या सवयीपेक्षा जास्त असलेली डेन्सिटी अल्टिट्यूड, हे तपासात कारणांमध्ये नोंदलं गेलं.

आम्ही एक आडाखा पाळतो: अर्ध्या पट्टीपर्यंत उचलायच्या वेगाच्या ७० टक्के नसेल, तर थ्रॉटल बंद करून थांबायचं. ५५चे ७० टक्के म्हणजे ३९. एका दुपारी लेडव्हिलला अर्धी पट्टी मागे पडली तरी काटा चाळीसच्या पहिल्या खुणेलाही लागला नव्हता. थांबलो. शेजारी बसलेली बायको म्हणाली, "अगं बाई, आता काय विसरलास?" मोटेलचा भुर्दंड पडला. (लेहची विमानं बहुतेक सकाळीच का, त्याचं एक कारण हीच दुपारची विरळ हवा.) दुसऱ्या दिवशी सहाला, ५ अंशांत, तेवढ्याच वजनाने निघालो, काट्याने चाळीस कधी ओलांडले, तिला कळलंही नाही.