बाळ घरी आणण्याआधी

प्रश्न : आम्ही अंबाजोगाई तालुक्यातील शेतकरी कुटुंब आहोत. लग्नाला अकरा वर्षे झाली. माझे वय 39, यजमानांचे 43. लातूरला उपचार करून झाले, आता ती आशा उरलेली नाही. ओळखीतल्या एक बाई सांगतात की, एका मुलीला महिनाभरात बाळ होणार असून तिच्या घरच्यांना ते ठेवायचे नाही. दीड लाख रुपये दिले की बाँडवर नोटरी करून बाळ मिळेल, सरकारी मार्गाने फार वर्षे जातात. सासूबाईंना मात्र 'कुणाचे रक्त, कुणाची जमीन' ही काळजी आहे. आम्ही काय करावे?

उत्तर : ताई, अकरा वर्षे वाट पाहिल्यावर महिनाभरात येणाऱ्या बाळाचा निरोप नाकारणे किती जड जाईल, याची मला कल्पना आहे, तरीही त्या बाईंना एक रुपयासुद्धा देऊ नका. पैसे घेऊन मूल देणे आणि पैसे देऊन ते घेणे, हे दोन्ही बाल न्याय कायदा, 2015 नुसार गुन्हे असून त्यासाठी पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपये दंड होऊ शकतो. नोटरी केलेल्या बाँडने तुम्ही त्या बाळाचे कायदेशीर आईवडील होत नाही. उद्या शाळेच्या दाखल्याला किंवा वारसाच्या नोंदीला अडचण येईल, आणि त्याहून वाईट म्हणजे एखाद्या तक्रारीवरून अंगाखांद्यावर खेळलेले मूल घरातून नेले जाईल. त्या मुलीचाही विचार करा. तिला खरोखरच बाळ सांभाळता येणार नसेल, तर ती जिल्ह्याच्या बालकल्याण समितीपुढे त्याला सोपवू शकते, आणि तिथे फेरविचारासाठी तिला 60 दिवस मिळतात. बाँडवर अंगठा घेणारे तिला एक दिवसही देणार नाहीत.

रीतसर मार्ग केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाचा, म्हणजे 'कारा'चा. त्यांच्या पोर्टलवर घरबसल्या नोंदणी होते. जमत नसेल तर बीडच्या जिल्हा बाल संरक्षण कक्षात जावे. शुल्क ठरलेले असते आणि त्याची पावती मिळते. मूल पसंत केल्यावर ते आधी संगोपनासाठी घरी येते आणि दत्तकाचा आदेश, जो पूर्वी न्यायालय देत असे, तो 2022 पासून जिल्हाधिकारी देतात.

वयाकडे मात्र नीट लक्ष द्या. दोन वर्षांखालील मुलासाठी पतिपत्नीच्या वयांची बेरीज 85 पेक्षा अधिक चालत नाही आणि तुमची आजच 82 आहे, म्हणून नोंदणी याच महिन्यात करा. दोन ते चार वर्षांच्या मुलासाठी ही मर्यादा 90, तर चार ते आठ वर्षांसाठी 100 आहे. निरोगी तान्ह्या बाळासाठी तीन वर्षांहून अधिक थांबावे लागते हे खरे आहे, परंतु थोड्या मोठ्या मुलाची तयारी ठेवली तर प्रतीक्षा बरीच कमी होऊ शकते, आणि हा विचार तुम्ही मनापासून करावा असे मला वाटते.

जालन्याकडच्या एका घरात पाच वर्षांची मुलगी आली होती. पहिले काही दिवस जेवायची वेळ झाली की ती आपले ताट घेऊन भिंतीला टेकून बसायची आणि शेजारी जागा सोडायची. संस्थेत मुलांची पंगत तशीच बसत असे. "बाकीचे कधी येणार?" असे तिने विचारल्यावर आई काही बोलली नाही, आपले ताट घेऊन तिच्या शेजारी जाऊन बसली. मोठे मूल आपल्या सवयी आणि आठवणी घेऊन येते, त्यांना जागा द्यावी लागते.

सासूबाईंना सांगा की, आदेश झाल्यावर त्या मुलाचे हक्क पोटच्या मुलाइतकेच असतात. दत्तक असल्याचे मुलापासून कधीही लपवू नका, कारण गावात ही गोष्ट झाकून राहत नाही आणि पारावर कुणाकडून तरी कळण्यापेक्षा शाळेत जाण्याआधीच, तुमच्या कुशीत, गोष्टीसारखी ती त्याच्या कानावर पडलेली बरी.

नोंदणीनंतर समाजसेविका गृहभेटीला येतील. त्या दिवशी घर सजवण्याच्या मागे लागू नका. सासूबाईंना मात्र शेतावर न पाठवता घरी थांबवा, आणि त्यांच्या मनातले सगळे प्रश्न त्यांना स्वतःच्या तोंडाने विचारू द्या.