वाचक विचारतात: चौकातला बेडूक आणि त्याचं पिवळं नाक

प्रश्न: आमच्या चौकात बाकावर पेपर वाचत बसलेल्या बेडकाचा ब्राँझचा पुतळा आहे. मुलं येताजाता त्याचं नाक चोळतात, म्हणे परीक्षेत मार्क पडतात. आता नाक पिवळंधमक झालंय आणि नगरपालिका भोवती लोखंडी जाळी लावायचं म्हणतेय. खरंच पुतळा खराब होतोय का?

उत्तर: जाळी नको, हे आधीच सांगून टाकते. पेपर वाचणारा बेडूक पिंजऱ्यात बसवला की गंमत संपली, मग तिथे कोण थांबणारे.

आता नाकाचं बघू. ब्राँझ म्हणजे मुख्यतः तांबं आणि त्यात कथील, मुळात रंग सोनेरीच असतो. तो जो काळपट तपकिरी दिसतो ना तो वरचा थर, कारागीर गॅसच्या ज्योतीने धातू तापवतात, त्यावर केमिकल मारून रंग आणतात आणि वरून मेण चढवतात. हाताचा घाम खारट, जरासा आम्लीय, त्यात रोजचं चोळणं, मग आधी मेण जातं, मग रंग जातो आणि आतला धातू उघडा पडतो. तेव्हा पिवळं नाक हा काही रोग नाहीये.

धातू अजिबात झिजत नाही असं मात्र नाही हां. इटलीत व्हेरोनाला ज्युलिएटचा ब्राँझचा पुतळा आहे, १९७२ चा, तिच्या उजव्या छातीला हात लावला की प्रेमात नशीब उघडतं असं कुणीतरी पसरवलं आणि टुरिस्टांची रीघ लागली, शेवटी २०१४ मध्ये मूळ पुतळा आत हलवून बाहेर कॉपी बसवावी लागली. पण त्याला चाळीसेक वर्षं लागली आणि तेही जगभरचे हात. तुमच्याकडे फार तर गावातली पोरं आणि त्यांचे आईबाप.

तरी एक करा, बसवला तेव्हाचा जवळून काढलेला फोटो कुणाकडे असेल तर तो घेऊन पुतळ्यापाशी जा आणि नाकपुडीची कड बोटाने चाचपा. कड अजून बोटाला लागतेय तर निवांत राहा, गुळगुळीत होऊन भोक उथळ वाटायला लागलं असेल तर मात्र शिल्पकाराला दाखवायची वेळ झाली. आणि हो, तो ब्राँझचाच आहे ना तेही बघून घ्या, कारण सांगतात ब्राँझ आणि निघतं फायबर, असं बऱ्याचदा होतं. नाण्याने हलकं टकटक करा, ब्राँझ खणखणतं, फायबर भद्द वाजतं. फायबर असेल तर चोळून चोळून सोनेरी काही निघत नाही, रंग उडून खालचे पांढरट धागे वर येतात, ते बोटात घुसतात, तिथे लगेच दुरुस्ती हवी.

ब्राँझला वर्षातून एकदा साधा सौम्य साबण, मऊ ब्रश, भरपूर पाणी, नीट कोरडा करायचा आणि मेणाचा हात द्यायचा, बस. पितळ चमकवायची पावडर किंवा आंबट काही लावायला कुणी उत्साही माणूस पुढे आला तर त्याला तिथेच थांबवा, तो एका दुपारीत अख्खा बेडूक पिवळा करून ठेवेल. बाकाच्या खालून एकदा वाकून बघा, असे पुतळे आतून पोकळ असतात आणि पाणी निघायला खाली बारीक भोक ठेवलेलं असतं, ते मातीने बुजलं की पाणी आत साठून राहतं. नाकापेक्षा मला त्या भोकाची जास्त काळजी वाटते, पण सभेत त्यावर कोण बोलणार!

नगरपालिकेला पटवायचं असेल तर स्कॉटलंडमधल्या ग्लासगोचं उदाहरण द्या. तिथे ड्यूक ऑफ वेलिंग्टनचा १८४४ चा घोड्यावरचा पुतळा आहे आणि लोक वर चढून त्याच्या डोक्यावर रस्त्यावरचा प्लास्टिकचा कोन ठेवतात. महापालिकेने काढायचा, यांनी परत ठेवायचा, असं वर्षानुवर्षं चाललेलं. २०१३ मध्ये ६५,००० पौंड खर्चून चौथराच उंच करायचं घाटत होतं, लोक असे काही चिडले की प्रस्ताव गुंडाळावा लागला. कोन अजूनही गावाची ओळख आहे. उलट स्लोव्हाकियातल्या ब्रातिस्लाव्हात १९९७ पासून मॅनहोलमधून डोकं बाहेर काढून बसलेला चुमिल नावाचा पुतळा आहे, गाड्या त्याच्या डोक्याला धडकायला लागल्या तेव्हा त्यांनी कुंपण नाही घातलं, शेजारी 'मॅन ॲट वर्क'चा बोर्ड लावला! बोर्डाचेच लोक फोटो काढतात आता. तुमच्याकडेही मुलं पेपरवर चढत असतील आणि पेपरची कड धारदार असेल तर ती घासून गोल करून घ्या, जाळीपेक्षा नक्की स्वस्त पडेल.

प्रश्न: कुणीतरी रात्री बेडकाला स्वेटर आणि टोपी घालून जातं. काढावं का?

उत्तर: दोनचार दिवस राहू द्या, मग काढा. ओलं कापड धातूला चिकटून राहिलं की खाली डाग पडतात, कारण एवढंच आहे, शिस्तबिस्त नाही. ब्रुसेल्सच्या मानेकेन पिसला, म्हणजे शू करणाऱ्या छोट्या पोराच्या पुतळ्याला, तर १६९८ मध्ये बव्हेरियाच्या इलेक्टरने, म्हणजे तिथल्या शासकाने, पोशाख भेट दिला होता, आज त्या एवढ्याशा पोराकडे हजाराच्या वर कपडे आहेत आणि त्यांचं वेगळं म्युझियम आहे. कपडे ठरल्या दिवशी चढतात, नंतर उतरवतात. तुम्हीही स्वेटरवाल्याला शोधत बसू नका, जवळच्या दुकानदाराकडे एक खोका ठेवा, उतरवलेले कपडे त्यात, ज्याचे त्याने घेऊन जावे.

प्रश्न: बेडूक म्हणजे कला का? एखाद्या थोर माणसाचा पुतळा नको होता का?

उत्तर: थोर माणसाच्या मांडीवर बसून फोटो काढता येत नाही. कला आहे का म्हणाल तर बोटांकडे बघा, पेपर धरताना अंगठा कसा वळलाय ते, नुसता दुकानाबाहेरचा बाहुला असता तर कुणी एवढं केलं नसतं. तुमचा बेडूक नीट केलेला असेल तर वाद घालणारेही चार दिवसांनी त्याच्याच शेजारी बाकावर बसून वाद घालतील, घालू द्या.