जाहिराती, मालिका बघून मुलांच्या डोक्यात बसलेल्या कल्पना कशा काढायच्या?

तुम्ही लिहिलंय की सात वर्षांची मुलगी "मला क्रीम लावून गोरं व्हायचंय" म्हणाली आणि तुम्ही टीव्हीच बंद करून टाकला. राग समजतो, पण बंद करून भागत नाही हो, तेच परत मोबाईलवर दिसतं, शेजारच्यांच्या घरी दिसतं. मी बेळगावात वडगावला राहतो, दोन मुलं आहेत. (मी बाई आहे, पण आमच्याकडे बायका पण "मी येतो, मी जातो" असंच म्हणतात, म्हणून तसंच लिहितो. पुढचं सगळं माझ्या या दोन पोरांवरनंच आहे.)

पोरगी तिसरीत होती तेव्हा एकदा आज्जीला म्हणाली, "आज्जी, तू मोलकरणीसारखं बोलतीस." आज्जी भाकरी थापत होती, हात तसाच थांबला, काही बोलली नाही. मी आधी ओरडलो, त्यानं काय झालं नाही, ती नुसती रुसली. रात्री शांतपणे विचारलं, मोलकरीण असं बोलते हे तुला कुठं दिसलं गं? तर म्हणे मालिकेत.

मग आठवडाभर तीच मालिका आम्ही दोघी मिळून बघितली आणि जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागं लिहीत गेलो, कोण काय काम करतंय आणि कसं बोलतंय. डॉक्टर, वकील, हिरॉईन सगळी पुण्यासारखी बोलणारी, आणि आमच्यासारखं बोलणारा एकतर हवालदार नाहीतर भांडी घासणारी नाहीतर गुंड. मी एवढंच विचारलं, आपले दातांचे डॉक्टर कसं बोलतात? ती जरा वेळ थांबली आणि म्हणाली, "आपल्यासारखंच की." हे मी सांगितलं असतं तर तिला पटलं नसतं. तिनं स्वतः लिहिलेलं, स्वतः मोजलेलं, म्हणून पटलं.

धाकट्याचं वेगळं. हिंदी कॉमेडीतला तो लुंगीवाला "अय्यो अय्यो" करणारा माणूस बघून तो लोळून हसायचा. शेजारच्या अक्का घरात कन्नड बोलतात, आमच्याशी मराठी, त्यांच्याच कट्ट्यावर हा दिवसभर खेळतो. मी म्हटलं, अक्कांच्या घरात कोण बोलतं रे असं? "कोणच नाही." मग थोड्या वेळानं त्यानंच विचारलं, "आई, आपण पण कर्नाटकातच राहतो, मग त्या लोकांना आपण पण तसलेच वाटतो काय?" त्याचं उत्तर द्यायला मलाच वेळ लागला.

आता तुमच्या क्रीमचं. सात-आठ वर्षांच्या आधी मुलांना जाहिरात म्हणजे कुणीतरी काहीतरी विकतंय हे नीट कळत नाही, सगळं खरंच वाटतं, त्यामुळं आधी तेवढंच सांगा की हे दाखवायला कंपनीनं पैसे दिलेत. मोठी झाली की नावाची गोष्ट सांगा. फेअर अँड लव्हली 1975 ला बाजारात आली, 2020 मध्ये टीका झाल्यावर त्यातलं "फेअर" काढून "ग्लो" केलं. माझ्या पोरीनं लगेच विचारलं, "आणि आतली क्रीम?" जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या ॲस्की या संस्थेनं 2014 मध्येच नियम केलेत की सावळ्या माणसाला दुःखी, मागं पडलेला असं दाखवायचं नाही, आणि 2022 मध्ये बाई-पुरुषांच्या ठराविक चित्रणावर पण नियम आले. साधा प्रेक्षक पण त्यांच्याकडे ऑनलाइन तक्रार करू शकतो, पैसे लागत नाहीत. मुलांना हे कळलं की बरं असतं, म्हणजे बघून गप्पच बसायला पाहिजे असं काही नाही.

पण खरं सांगू का, टीव्हीपेक्षा घरातलंच बोलणं जास्त लागतं. "उन्हात फिरून काळी झालीस बघ", "मुलगी गोरी आहे म्हणून चांगलं स्थळ आलं", हे आमच्या घरी सगळे सहज बोलायचे, मी पण. ते थांबवायला मला पोरांना शिकवण्यापेक्षा जास्त त्रास झाला, मोठ्या जाऊबाईंना तोंडावर सांगावं लागलं, दोन महिने त्या नीट बोलल्या नाहीत.

त्यामुळं परत ती जाहिरात लागली तर बंद करू नका. मुलीच्या शेजारी बसा आणि विचारा, क्रीम लावायच्या आधी त्या बाईचं तोंड एवढं पडलेलं का होतं, तिला कोण काय बोललं होतं? मग ती काय म्हणते ते ऐका, मध्ये बोलू नका.